मटकीचं वेळापत्रक

रिपोर्टवर एचबीएवनसी ६.३ असा आकडा होता. साडेसहाच्या आत आहे म्हणून मी निवांत होतो. डॉक्टर मात्र निवांत नव्हते. "५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ ला डायबेटिस. तुम्ही उंबरठ्यावर उभे आहात," ते म्हणाले. तपासणीआधी चार दिवस मी गोड बंद केलं होतं, तेही त्यांनी ओळखलं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर ही तपासणी मोजते. आदल्या रात्री घोकंपट्टी करून पास व्हायची ही परीक्षाच नव्हे.

मी डोंबिवलीकर, ऑफिस फोर्टात. रोजचे तीन तास प्रवासात जातात आणि त्यातला बराच वेळ चौथ्या सीटवर, म्हणजे अर्धं अंग बाकावर, अर्धं हवेत. तरीही उत्साहाने एक्सेल शीट बनवली. पहाटे पाचपासून रात्री साडेदहापर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांचे रंगीत चौकोन. बारा सूर्यनमस्कार, पाऊण तास चालणं, कोमट पाणी, वाचन, कृतज्ञतेची वही (ही कुठून आली देव जाणे). प्रिंट काढून फ्रिजवर लावली. अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी गाड्या रखडल्या, घरी यायला दहा वाजले. सकाळी उठायला उशीर झाला, आणि मग पाचचा चौकोन हुकल्यावर सव्वापाचच्या चौकोनाला तोंड कसं दाखवायचं?

पुढच्या खेपेला दोनच गोष्टी धरल्या. एक, रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायचं. जेवणानंतर पाय हलले की स्नायू रक्तातली साखर वापरतात. त्यासाठी चपला दाराशी काढून ठेवायच्या आणि हात धुतल्यावर सोफ्याकडे फिरकायचं नाही, कारण सोफ्याला टेकलो की संपलं. दुसरी, संध्याकाळचा वडापाव. सहाला सीएसएमटीला पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडतात, तिथे निग्रह वगैरे चालत नाही. म्हणून बॅगेत दुसरा छोटा डबा, मोडाच्या मटकीचा. ऑफिसातून निघायच्या आधीच खायचा.

हे दोन महिने चाललं. वजन अडीच किलो उतरलं आणि गाडीतल्या ग्रुपला मी प्रवचन द्यायला लागलो. इच्छाशक्तीवर विसंबू नका, सिस्टीम लावा.

मग साताऱ्याला सासूबाईंचा खुबा मोडला आणि बायको तीन आठवडे तिकडे गेली. तिसऱ्या दिवशी छोटा डबा रिकामा. मी फोन लावला.

"अगं, मटकी कुठे ठेवलीस?"

"खालच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या डब्यात. पण आज भिजवून आज मोड कसे येतील?"

सकाळी भिजवायची, रात्री उपसून निथळायची, ओल्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवायची, दुसऱ्या दिवशी मोड. म्हणजे बुधवारच्या डब्याची आठवण सोमवारी सकाळी व्हायला हवी. ती हे वर्षानुवर्षं करत होती, फ्रिजवर काही न चिकटवता. माझी म्हणून जी सिस्टीम मी गाडीत मिरवत होतो, तिचा मोठा भाग बायकोच्या डोक्यात चालत होता. मी फक्त डबा उघडत होतो.

माझी पहिली खेप वाया गेली. पाणी नीट निथळलं नव्हतं. फडकं सोडलं तर बुळबुळीत लगदा आणि आंबूस वास. दुसऱ्या खेपेला मोड आले. पांढरे, वाकडे, नखाएवढे. मी त्यांचा फोटो काढून साताऱ्याला पाठवला. उत्तर आलं, "जरा जास्त भिजलीये."

परत आल्यावर आवराआवर करताना तिला ड्रॉवरमध्ये ती जुनी शीट सापडली. चष्मा लावून तिने वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "अहो, यात माझं चालणं कुठल्या चौकोनात आहे?"

मी सूर्यनमस्कार करणार त्या वेळी तिने पोळ्या लाटायच्या होत्या. मी चालायला जायचो तेव्हा ती ओटा आवरत असायची. शीटवर हे कुठेच नव्हतं, पण शीट त्यावरच उभी होती.

आता कडधान्य भिजवणं माझ्याकडे आहे. उन्हाळ्यात मोड लवकर येतात, थंडीत चाळण उबेला ठेवावी लागते, हे हळूहळू हाताला कळतंय. रात्री दोघं चालायला जातो. भांडी आधी घासायची की चालून आल्यावर, यावर रोज वाद होतो. बहुतेकदा ती सिंकमध्ये पडून राहतात. माझा नवा आकडा ५.९ आहे, म्हणजे अजून उंबरठा सुटलेला नाही.

तिची एचबीएवनसी मात्र आम्ही कधी केलीच नव्हती. गेल्या शनिवारी केली. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तरी ती सवयीने चहासुद्धा न घेता निघाली होती.