नगर ते देवळाली, वाया ६१७४

नगर सोडून मनमाड रस्त्याला लागले की विळद घाटापासून उसाचे ट्रॅक्टर, दुधाचे टँकर आणि शिर्डीच्या गाड्या सोबतीला येतात. मला देवळालीला जायचे आहे आणि त्या प्रवासाला या गाड्यांच्या पाट्यांवरचे चार आकडे पुरेसे आहेत. एमएच १६ च्या पुढे ४२८१ दिसले, तर आकडे उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची: ८४२१ वजा १२४८, म्हणजे ७१७३. हेच पुन्हा करत गेले की ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४. तिथून पुढे हलता येत नाही. चारही आकडे सारखे नसतील, तर कोणतीही पाटी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येते. (११११ च्या जातीचे ‘पसंतीचे’ नंबर लोक जादा पैसे मोजून घेतात, ते मात्र पहिल्याच फेरीत शून्य!) देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ही गंमत १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली.

ठाण्याला शाळेत असताना कापरेकर तासन्‌तास कोडी सोडवत बसत. कोड्यांचा नाद त्या वयात अनेकांना असतो आणि बहुतेकांचा सुटतो. त्यांचा का सुटला नाही? स्पर्धेमुळे, असे म्हणायला पुरावा आहे: फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ चे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. पण ते पारितोषिक विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कामासाठी होते, भराभर उत्तरे काढण्यासाठी नव्हते. म्हणून मला वाटते, सोडवणारा स्वतः कोडी रचू लागतो तेव्हाच नादाचा ध्यास होतो. स्पर्धेने फार तर त्या वळणावर दाद द्यावी.

राहुरी मागे टाकून कोल्हारहून लोणीकडे वळले, की यावर सर्वांत सबळ आक्षेप समोर येतो. शालेय शिष्यवृत्ती परीक्षेतली बुद्धिमत्ता चाचणी घड्याळ लावूनच सोडवावी लागते आणि शेतकऱ्याच्या मुलाला त्या गुणांचा खरा उपयोग असतो. त्याला कोडी रचण्याची चैन कशी परवडावी? गुण हवेतच, हे मान्य. पण कोडे रचायला कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही, खर्च होतो तो क्लासचा. शिवाय घड्याळ लावून खेळणाऱ्यांतही हेच दिसते. कोड्यांची जागतिक स्पर्धा १९९२ पासून आणि सुडोकूची २००६ पासून भरते. २०१७ मध्ये दोन्ही बंगळुरूला झाल्या. भारताकडून उतरणारे मुंबईचे प्रसन्ना शेषाद्री नुसते वेगवान स्पर्धक नाहीत, ते कोडी रचतातही.

संगमनेरनंतर सिन्नरच्या वाटेवर पाट्या एमएच १५ च्या होऊ लागतात आणि दुसरा आक्षेप आठवतो. तो थेट गणितज्ञ जी. एच. हार्डी यांचा. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, दोन्हीकडे आकडे नेमके उलटे. असल्या गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही, असे त्यांनी १९४० मध्ये लिहिले. गंमत अशी, की ९८०१ हा ९९ चा वर्ग आणि ९८ अधिक १ पुन्हा ९९. म्हणजे ९९ ही अस्सल कापरेकर संख्या! हार्डींच्या बाजूने एवढे खरे, की ६१७४ मुळे गणिताची एखादी मोठी शाखा उघडली नाही. मात्र सदरातले सगळे सदरातच राहते, हे पटत नाही. कापरेकरांनी १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवले आणि गावाचे नाव एका संख्याप्रकाराला दिले. १५ मध्ये तिचेच आकडे मिळवले की २१ येते. २० मात्र अशी कोणत्याच संख्येतून निघत नाही, म्हणून ती देवळाली संख्या. मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये कापरेकर जगापुढे आणले, तेही सदरातूनच. पण १९८२ मध्ये उम्बेर्तो झानिए यांनी या देवळाली संख्यांच्या विखुरणीवर शोधनिबंध लिहिला, तो अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.