जर्सीवरचं गाव

योत्सुगी स्टेशनवर उतरलो, पण बाहेर काही पडलो नाही. नातीने माझा हात धरून मला फलाटावरच थांबवलं. "पुढची गाडी येऊ दे आजी, मग कळेल." थोड्या वेळाने गाडी येत असल्याची सूचना झाली आणि फलाटभर एक उडती धून वाजू लागली. शाळेच्या कवायतीला शोभेल अशी. नात ओठांतल्या ओठांत ती गुणगुणत होती. १९८३ साली सुरू झालेल्या ‘कॅप्टन त्सुबासा’ या ॲनिमे मालिकेची ती धून. तेव्हा नातीचा बापसुद्धा, म्हणजे माझा भाचा, पाळण्यात होता.

२०२३ च्या सप्टेंबरात मी भाच्याकडे टोकियोला गेले होते. तो निशी-कासाईला राहतो. तिथे कढीपत्ता मिळतो, गणपतीत मोदकही होतात, त्यामुळे पहिले आठ दिवस मी परदेशात आहे असं वाटलंच नाही. नऊ वर्षांची नात शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळते. एका रविवारी तिने फर्मान काढलं, "आजी, आज तुला त्सुबासाचं गाव दाखवते." निहोनबाशीला गाडी बदलली की तीच गाडी पुढे थेट योत्सुगीला जाते.

हा भाग कात्सुशिका प्रभागात येतो. अरुंद गल्ल्या, घराला लागून असलेले छोटे कारखाने, सायकलीवरून बाजार करणाऱ्या बायका. त्सुबासाचे जनक योइची ताकाहाशी १९६० साली याच कात्सुशिकात जन्मले. १९८१ मध्ये ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात त्यांची चित्रकथा सुरू झाली, तेव्हा जपानमध्ये फुटबॉलची व्यावसायिक लीगच नव्हती. बेसबॉल हाच खरा खेळ. जे-लीग आली १९९३ मध्ये. म्हणजे या देशात चित्रातला फुटबॉल आधी आला आणि व्यावसायिक मैदान नंतर.

गल्लीबोळांत, बागांत त्सुबासा आणि त्याच्या सवंगड्यांचे कांस्यपुतळे आहेत. नात नकाशा न बघता चालत होती. हा मिसाकी, हा गोलरक्षक वाकाबायाशी, हा इशिझाकी. माणसांएवढे हे पुतळे उंच चौथऱ्यावर नाहीत. एका आजोबांनी काठी त्सुबासाच्या पायाशी टेकवून बुटाची नाडी बांधली, काठी उचलली आणि गेले. आपल्याकडे पुतळा म्हटला की रेलिंग, हार आणि जयंती आलीच. इथे पुतळे शेजाऱ्यांसारखे उभे होते.

त्सुबासाच्या संघाचं नाव नानकात्सु. ताकाहाशी यांच्या शाळेचं नाव मिनामी-कात्सुशिका, म्हणजे दक्षिण कात्सुशिका. तेच चिनी अक्षरांत आखडून वाचलं की ‘नानकात्सु’. कथेत त्यांनी हे गाव उचलून शिझुओका प्रांतात नेऊन ठेवलं, कारण फुटबॉलचं माहेर तिकडे. पण नाव घरचंच राहिलं आणि पुढे ते घरी परतलं. २०१३ मध्ये कात्सुशिकातल्या एका हौशी क्लबने स्वतःचं नावच ‘नानकात्सु एससी’ करून घेतलं. ताकाहाशी या क्लबच्या कारभारात स्वतः उतरले. कागदावरच्या संघाने पायात बूट चढवले ते असे.

त्या दुपारी ओकुदोच्या क्रीडासंकुलात त्यांचा सामना होता. धावपट्टीच्या मधोमध मैदान, बाजूला काही पायऱ्या. जपानी फुटबॉलच्या उतरंडीत ही पाचवी पायरी, कांतो विभागाची लीग. तरी याच संघात २०२२ मध्ये जुनइची इनामोतो आले. २००२ च्या विश्वचषकात बेल्जियम आणि रशियाविरुद्ध गोल केलेला हा गडी. यासुयुकी कोन्नोही आले. भाचा म्हणाला, "मावशी, कसोटी खेळलेला माणूस आपल्या गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत उतरावा, तसं आहे हे." गडी चाळिशीचे, पण आजूबाजूची पोरं त्यांच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती, त्यात वय कुठेच नव्हतं.

मध्यंतरात भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. हीच मालिका स्पेनमध्ये ‘ऑलिव्हर आणि बेंजी’ झाली, अरबी देशांत ‘कॅप्टन माजिद’. फर्नांडो टॉरेसने सांगितलंय की ती बघूनच तो फुटबॉलकडे वळला. पुढे टॉरेस सागान तोसुकडून आणि इनिएस्ता विसेल कोबेकडून खेळायला जपानला आले. इराकमध्ये जपानी तुकड्या सामावा शहरात होत्या, तेव्हा जपानने दिलेल्या पाण्याच्या टँकरांवर त्सुबासाची मोठी चित्रं चिकटवली होती. झेंड्याकडे लोक संशयाने बघतील, पण माजिद तर घरोघरचा. सरकारला जे कळलं, ते क्लबांना कळायला वेळ लागला नाही.

आता यात धंदा नाही असं कोण म्हणेल? २०२२ च्या विश्वचषकासाठी जपानची नवी जर्सी आली, तेव्हा ‘ब्लू लॉक’ मालिकेच्या चित्रांनिशी तिचा गाजावाजा झाला. मालिकेची कंपनी चित्रं वापरू देते, क्लब त्यांचे पंचे, बिल्ले, की-चेन विकतो, एखाद्या सामन्याला आवाज देणाऱ्या कलाकारांना बोलावतो. मालिकेचे चाहते पहिल्यांदा मैदानात येतात, फुटबॉलवेडे पहिल्यांदा मालिका बघतात. हिशेब सोपा आहे. पण हिशेब संपल्यावर काय उरतं, ते मला पुढच्या शनिवारी मितोला कळलं.

उएनोहून जोबान मार्गावरच्या जलद गाडीने मितोला सव्वा तासाच्या आसपास लागतो. स्टेशनच्या उत्तर दारासमोर पुन्हा पुतळे! मितोचे जुने सरदार तोकुगावा मित्सुकुनी आणि त्यांचे दोन साथीदार. ‘मितो कोमोन’ या नावाने वेष पालटून गावोगाव न्याय करत हिंडणारा म्हातारा म्हणून कथांनी आणि टीव्हीने त्यांना घराघरांत पोचवलं. शेवटी साथीदार औषधाची डबी पुढे धरतो, तिच्यावरची तीन पानांची राजमुद्रा बघून खलनायक लोटांगण घालतात. ती पानं आओई नावाच्या झाडाची, इंग्रजीत हॉलीहॉक. इथल्या फुटबॉल क्लबचं नाव म्हणूनच ‘मितो हॉलीहॉक’.

मितोपासून काशिमा रिन्काई रेल्वेने पाव तासावर ओआराई हे किनाऱ्यावरचं गाव. २०११ च्या त्सुनामीने त्याला तडाखा दिला, पर्यटक यायचे थांबले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, ‘गर्ल्स उंड पान्झर’ ही ॲनिमे मालिका आली. शाळकरी मुली रणगाडे चालवायची कला शिकतात, अशी कल्पना. नवल कथेचं नाही, मालिकेने गाव खरं ठेवलं याचं आहे. तेच रस्ते, तीच दुकानं. एका भागात रणगाडा इथल्या खऱ्या रयोकानात, म्हणजे जपानी धाटणीच्या विश्रामगृहात, घुसतो. मालिकेचे चाहते मग ती गल्ली बघायला आले आणि येतच राहिले. ओआराई मितो हॉलीहॉकच्या घरच्या पट्ट्यातलं गाव, म्हणून पुढे या मालिकेचं नाव क्लबच्या जर्सीवर चढलं.

आम्ही बाजारपेठेत फिरलो. दुकानादुकानांच्या दारात पुठ्ठ्याच्या मुली उभ्या. प्रत्येक दुकानाच्या वाट्याला एक. भाजीवाल्या बाईंकडे गणवेशातली एक मुलगी होती. नातीने दुभाष्याचं काम केलं. बाई म्हणाल्या, हिच्या वाढदिवसाला लांबून माणसं येतात, केक आणतात. मग हसून म्हणाल्या, "पाऊस आला की आधी हिला आत घेते, मग टोमॅटो."

दुपारी शिरासुचा भात खाल्ला. दिसायला आपला जवळा, पण हा पांढरा मासा म्हणजे तारलीची बारीक पिल्लं. इथला खरा मान आंको माशाच्या रश्श्याला, पण तो थंडीतला. मालिकेतल्या मुख्य तुकडीचं नावच आंको आहे, हे नातीने वाटी संपेपर्यंत तीनदा सांगितलं.

संध्याकाळच्या सामन्यासाठी मितोला परत आलो. स्टेडियम शहरापासून दूर, बसने जावं लागतं, आणि आमची एक बस चुकलीच. पोचलो तोवर खेळ सुरू झालेला. निळ्या गर्दीत शेजारी एक साठीचे गृहस्थ होते. मी नातीकरवी विचारलं, तुम्हाला ती रणगाड्याची मालिका आवडते का? त्यांनी मान हलवली. बघितलेली नाही. "पण ओआराईची माणसं आमची. त्यांच्या मुली म्हणजे आमच्याच." पुठ्ठ्याच्या मुलींबद्दल ते इतक्या सरळ बोलत होते की मला हसू आलं नाही.

मितो तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होतं, २००० सालापासून तिथेच. २०२५ च्या अखेरीस भाच्याचा मेसेज आला, "मावशी, मितो जे-२ जिंकलं, पहिल्या श्रेणीत गेलं!" मला आधी आठवले ते गृहस्थ, मग भाजीवाल्या बाई.

त्या रात्री परतीच्या गाडीत नात अर्धवट झोपेत होती. तिने विचारलं, "आजी, तुमच्या पुण्याकडचा असा कोण आहे?" मी जरा विचार केला आणि तिला फास्टर फेणेबद्दल सांगितलं. भा. रा. भागवतांनी लिहिलेला, किडकिडीत, सायकलवरून भन्नाट सुटणारा, फुरसुंगीचा बनेश फेणे.

"फुरसुंगी खरं गाव आहे?"

"खरं आहे."

"मग त्यांच्या टीमच्या जर्सीवर तो आहे?"

मी गप्प राहिले. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने, न उघडताच, तिने विचारलं, "सायकल खूप जोरात चालवतो?"

"खूप."

"मग विंगर," ती म्हणाली आणि झोपली.