ऐकू येतं, हात पोहोचत नाही

दिवाळी अंकासाठी पाणबुडीविरोधी क्षेपणास्त्रांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं आणि सोबत पहिला प्रश्नही पाठवला: आपल्या ‘स्मार्ट’चा पल्ला नेमका किती? ‘डीआरडीओ’ने १ मे २०२४ रोजी ओडिशाजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून त्याची चाचणी घेतली, तेव्हापासून प्रस्तुत लेखकाला जो तो हेच विचारतो. वर्तमानपत्रांत ६०० किलोमीटरचा आकडा छापून आला. क्षेपणास्त्र सुटतं, समुद्रात घुसतं आणि पाणबुडीवर आदळतं, असं चित्र लोकांच्या मनात बसलं. प्रत्यक्षात क्षेपणास्त्र फक्त टॉर्पेडो वाहून नेतं आणि ठरल्या जागी सोडून देतं. शिकार टॉर्पेडो करतो.

मग हा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘आयएनएस खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. मुंबईहून निघालेल्या खुकरी आणि ‘कृपाण’ या फ्रिगेट पाणबुडीच्या शोधातच होत्या, पण त्यांच्यावरच्या ‘लिंबो’ उखळ्यांचा पल्ला होता जेमतेम ९०० मीटर. पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’चे टॉर्पेडो त्याच्या कितीतरी पट लांबून सुटू शकत होते. म्हणजे वार करण्याआधी नौकेला शत्रूच्या माऱ्यात शिरावंच लागणार. खुकरीची चर्चा कॅप्टनच्या धैर्यापाशी थांबते. ते धैर्य वंदनीयच आहे, पण त्या ९०० मीटरबद्दल कोणी बोलत नाही, याची खंत वाटते.

दुसऱ्या महायुद्धापासूनची अडचण हीच होती. डेप्थ चार्ज टाकायला पाणबुडीच्या डोक्यावर जावं लागे आणि नेमक्या त्याच वेळी सोनारवरचा आवाज हरवे. ब्रिटिशांच्या ‘हेजहॉग’ने २४ बॉम्ब नौकेच्या पुढे अडीचशे मीटरच्या आत फेकले. तेवढ्यानेही फरक पडला. पुढे सोनार कित्येक किलोमीटरवरचं ऐकू लागले, शस्त्र मात्र मागेच राहिलं.

ही दरी अमेरिकेच्या ‘ॲसरॉक’ने भरली. ते १९६१ मध्ये सेवेत आलं, पल्ला सुमारे ९ किलोमीटर. सोनारने दिशा, अंतर आणि पाणबुडीची चाल सांगायची, गणकयंत्राने ती पुढे कुठे असेल हे काढायचं आणि आठ कप्प्यांच्या प्रक्षेपकातून रॉकेट सुटायचं. इंधन संपलं की रॉकेट गळून पडे, मग कवच उघडून टॉर्पेडो पॅराशूटने खाली येई. पाण्यावर आपटताच नाकावरची टोपी फुटे आणि पॅराशूट सुटे. सुरुवातीच्या ‘मार्क ४४’ टॉर्पेडोची बॅटरी तर समुद्राचं पाणी आत शिरल्यावरच जिवंत होई. मग तो गोल गोल फिरत खोल उतरे आणि स्वतः ध्वनी सोडून लक्ष्य शोधू लागे.

खोट एकच होती. रॉकेट सुटल्यावर त्याला वळवता येत नसे. २० नॉट वेगाची पाणबुडी मिनिटाला सहाशे मीटरहून जास्त सरकते. नेम चुकला तरी चालावं म्हणून अमेरिकेने ॲसरॉकवर अणुस्फोटकही बसवलं आणि ११ मे १९६२ रोजी ‘अगरहोम’ या विनाशिकेवरून प्रशांत महासागरात त्याचा प्रत्यक्ष स्फोट करून पाहिला. त्यापेक्षा ऑस्ट्रेलियाचं ‘इकारा’ कितीतरी शहाणं. त्याला उडत असताना रेडिओवरून नवी दिशा देता येई. सोनारवर पाणबुडी वळली की क्षेपणास्त्रही वळे.

एका वादावर मात्र जरा थांबायलाच हवं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘क्रेस्टा-२’ आणि ‘क्रिवाक’ या सोव्हिएत नौका पश्चिमेच्या नजरेला पडल्या. त्यांच्यावर चार-चार क्षेपणास्त्रांचे जाडजूड प्रक्षेपक होते. एवढं मोठं अस्त्र जहाजं बुडवण्यासाठीच असणार असं धरून ‘नाटो’ने त्याला ‘एसएस-एन-१०’ असं नाव दिलं. पुढे उलगडा झाला की ते ‘मेतेल’ होतं, पन्नासेक किलोमीटरवर टॉर्पेडो टाकणारं. मग ‘एसएस-एन-१४’ हे नवं नाव आलं. १९८० च्या दशकातल्या ‘रास्त्रूब’ आवृत्तीत जहाजांवर मारा करण्याची सोय आली, त्यामुळे तो अंदाज फारसा चुकला नव्हता, असं काही जण आजही म्हणतात. हे पटण्यासारखं नाही. सोव्हिएत नौदल या नौकांना आरंभापासून पाणबुडीविरोधी नौकाच म्हणत होतं. क्रिवाकच्या पाठीमागे खोल पाण्यात सोडायचा सोनार होता, क्रेस्टा-२ वर हेलिकॉप्टर होतं. निरीक्षकांनी क्षेपणास्त्राचा आकार मोजला, पण ही नौका ऐकते कशाने, हे विचारलं नाही.

‘स्मार्ट’च्या बाबतीत तेच चाललं आहे. ध्वनीच्या दुप्पट वेग धरला तरी ६०० किलोमीटर जायला पंधरा मिनिटं लागतील. तेवढ्या वेळात २० नॉटची पाणबुडी ९ किलोमीटर दूर गेलेली असेल. कोणत्याही नौकेला स्वतःच्या सोनारवर इतक्या लांबचं नेमकं ऐकू येत नाही. ते काम पाण्यात आवाज टिपणारे तरंगते सोनोबॉय टाकणाऱ्या ‘पी-८आय’ विमानांचं आणि सोनार पाण्यात सोडणाऱ्या ‘एमएच-६०आर’ हेलिकॉप्टरांचं.

जवळच्या पल्ल्याचं काम मात्र पुण्यात झालं आहे आणि त्याचा मनापासून अभिमान वाटतो. ‘डीआरडीओ’च्या ‘एआरडीई’ या प्रयोगशाळेने पुण्याचीच ‘एचईएमआरएल’ आणि विशाखापट्टणमची ‘एनएसटीएल’ या प्रयोगशाळांच्या साथीने वाढीव पल्ल्याचं पाणबुडीविरोधी रॉकेट घडवलं. २०२५ च्या जून-जुलैत ‘आयएनएस कवरत्ती’वरून अशा १७ रॉकेटांच्या चाचण्या यशस्वी झाल्या. उत्पादनातल्या भागीदारांत नागपूरची एक कंपनी आहे. या बातमीत सहाशेचा आकडा नव्हता, त्यामुळे ती फारशी कोणाच्या लक्षातही राहिली नाही.

‘स्मार्ट’च्या पुढच्या चाचणीच्या वेळी आकडा छापायचाच असेल, तर पाणबुडीचा आवाज टिपल्यापासून टॉर्पेडो पाण्यात पडेपर्यंत किती मिनिटं गेली, तो छापावा.