तुम्ही जाऊन या, मी बसते इथे

आईचं हे वाक्य मी पहिल्यांदा जेजुरीला ऐकलं, पहिल्याच कमानीपाशी. गुडघे नुकते बोलायला लागले होते. त्यानंतर ते प्रत्येक सहलीत आलं. ग्रीसचं तिकीट काढताना मी मनाशी ठरवलं होतं, या वेळी ते ऐकायचं नाही.

अथेन्स झालं. उरलेले दिवस आम्ही वायव्येला, योआनिनाच्या तळ्याकाठी होतो. तिथून उत्तरेला झागोरी: डोंगरात विखुरलेली दगडी घरांची, पाटीच्या दगडाच्या छपरांची सेहेचाळीस गावं, मधोमध व्हिकोसची घळ. २०२३ साली या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आमच्याकडे भाड्याची गाडी आणि एकच दिवस.

आदल्या संध्याकाळी मी यादी केली. नऊ ठिकाणं! नकाशावर मोनोदेंद्री आणि पापिंगो अगदी शेजारी दिसत होती. बोटांच्या चिमटीत मावतील इतकी. पण मध्ये घळ आहे. चालणारे सकाळी मोनोदेंद्रीहून खाली उतरतात आणि दिवसभर चालून पलीकडे निघतात. गाडीला मात्र सगळा वळसा घालून, आरिस्तीवरून नदी ओलांडून, पुन्हा घाट चढायचा. आपल्याकडे समोरचा गड दिसतो आणि पोचायला दोन तास लागतात, तसंच. पापिंगो गेलं.

मग मी दुसरी चाळणी लावली, आणि ती आईला सांगितली नाही. गाडीपासून किती पावलं? कोक्कोरीचा एका कमानीचा पूल, १७५०चा, रस्त्यालगत. राहिला. ओक्सियाला गाडी जवळजवळ घळीच्या काठापर्यंत जाते. राहिलं. व्रादेतो हे इथलं सगळ्यात उंचावरचं गाव, तिथून बेलोईच्या कड्यापर्यंत मात्र चालावं लागतं. ते मी खोडलं. खरं सांगायचं तर एवढं लांब मी बेलोईसाठीच आले होते.

आईने चष्मा लावून कागद पाहिला. "हे का खोडलंस?"

"वेळ पुरणार नाही."

"पापिंगो काढलंस तेव्हा मला नकाशा दाखवलास. हे नुसतंच खोडलंस." मग थोडं थांबून, "मी बसते म्हणते ते तुम्ही जावं म्हणून. तूही बसलीस तर मी कशाला बसू?"

मला राग आला. पण उत्तर सुचेना. बेलोई पुन्हा लिहिलं.

सकाळी पेट्रोल योआनिनातच भरलं, कारण गावांमध्ये पंपाचा भरवसा नाही. गाडी उजव्या बाजूने चालवायची, त्यामुळे घाटात आईच "अगं कड, कड" करत माझं आरशाचं काम करत होती. पूल पाहिला. वाटेत एका खानावळीत आलेव्रोपिता खाल्ली: पीठ, अंडं, वर खारट फेता, पातळ थर देऊन भाजलेली. आईच्या मते जाड धिरडंच, फक्त तव्याऐवजी भट्टीतलं.

व्रादेतोला तिला चौकातल्या बाकावर बसवलं आणि मी निघाले. बेलोईच्या कठड्याशी उभं राहिलं की घळ पायाखालीच उघडते. मी फोटो काढले, पण सारखं घड्याळ बघत होते. अर्ध्या तासात मागे फिरले.

बाकावर आई नव्हती. गाडीतही नव्हती.

मोटाररस्ता होण्याआधी या गावाला वर यायला एकच वाट होती: कड्यात नागमोडी रचलेल्या दगडी पायऱ्या, खालच्या कापेसोवोकडून येणाऱ्या. माझ्या यादीत त्या नव्हत्याच. गावाच्या टोकाला, त्यांच्या पहिल्या वळणाच्या खाली, आईचा पिवळा दुपट्टा दिसला. कठड्याला टेकून ती खाली बघत होती.

"अगं, उतरलीस कशाला? परत चढायचंय!"

"बुटक्या आहेत गं पायऱ्या. जेजुरीपेक्षा सोप्या." तिने हात पुढे केला. "ओढू नकोस. नुसता धर."

ओक्सियाला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं.