लाल बस आणि रोजमेळ

जव्हारच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांचे किराणा व धान्याचे दुकान आहे. पाड्यांवरची माणसे नाचणी, वरई, भात घेऊन येतात. मीठ, तेल, गूळ घेऊन परततात. गल्ल्यामागे संगणक, त्यात टॅली, आणि शेजारी दिवाळीला पूजन झालेली लाल वही. धाकट्या भावाचे दुकान मोखाड्याला.

आषाढातल्या एका दुपारी पाऊस एवढा होता की गिऱ्हाईक फिरकेना. दहावीतला नातू आजोबांच्या मोबाइलवर बस चालवीत बसला होता. खेळ इंडोनेशियाचा, मालेओ या कंपनीने २०१७ मध्ये आणलेला. पण पडद्यावर धावत होती आपली एसटीची लाल बस! आजोबांनी चष्मा सावरून पाहिले. नातवाने समजावले, की मूळ खेळाला बाहेरून जी पुरवणी जोडतात तिला मॉड म्हणतात. गाडीचा सांगाडा कोणी बनवतो, रंगाचे चित्र कोणी काढतो, आणि ते खेळात घालण्याची सोय खुद्द खेळ बनवणाऱ्यांनीच ठेवली आहे. महाराष्ट्रातल्या मुलांनी म्हणूनच परदेशी रस्त्यावर लालपरी उतरवली.

तेवढ्यात आजोबांची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली. पैसे संपतच नव्हते. नातू जरा चाचरला. तो खेळ अधिकृत दुकानातून घेतलेला नव्हता. कोणीतरी फोडून, अमर्याद पैसे भरून पाठवलेली प्रत होती. आजोबा संतापले. याच मोबाइलवर दुकानाचे यूपीआय, याच मोबाइलवर बँकेचे ओटीपी! फोडलेल्या प्रतीत आणखी काय दडवले आहे, हे कोणी पाहिले? आणि न कमावलेला पैसा खेळातला असला तरी काय झाले?

"आजोबा, बसची पुरवणी परवानगीची आहे. पैशाची नाही, ते कबूल," नातू खाली मान घालून म्हणाला. "पण आपल्या दुकानातली टॅली?"

आजोबा गप्प झाले. संगणक बसवणाऱ्या माणसाने काही वर्षांपूर्वी टॅलीही 'तशीच' घालून दिली होती. परवाना नव्हता. सगळेच असे वापरतात, हा त्या वेळचा हिशेब. वास्तविक टॅलीचा जन्मही व्यापाऱ्याच्याच गरजेतून झाला. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायाचे हिशेब सांभाळणारे मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा पुत्र भरत यांनी ते स्वतः लिहिले. १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. तिथेही पुरवण्यांची सोय आहे. टीडीएल नावाच्या तिच्या स्वतःच्या भाषेत बिलाचा नमुना, उधारीची यादी हवी तशी करून घेता येते. म्हणजे बसचा रंग बदलणे आणि बिलाचा नमुना बदलणे, दोन्ही एकाच जातीचे. कुलूप फोडणे मात्र वेगळे.

संध्याकाळी, चौविहारापूर्वीच्या जेवणात, आजोबांनी विषय काढला. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्र 'तदाहृतादान' सांगते: स्वतः चोरी न करताही चोरीचा माल घेणे. मापात कधी दाणा कमी न देणाऱ्या घरात हा माल इतकी वर्षे गल्ल्यामागे होता. थोरला मुलगा खर्चाने कचरला. परवाना वीस हजारांहून अधिक, आणि मोखाड्याच्या दुकानासाठी आणखी एक. "उधारी तेवढी बुडतेच की दरवर्षी," आजीच म्हणाल्या.

जुन्या माहितीची प्रत काढून ठेवण्यात दोन दिवस गेले, त्यातला एक वीज नसल्यामुळे. परवान्याच्या टॅलीत पहिली नोंद त्या खरेदीचीच झाली. मुलाने ती खर्चात टाकली होती. आजोबांनी ती मालमत्तेत नेली, कारण संगणकाच्या सॉफ्टवेअरवर आयकरात चाळीस टक्के घसारा मिळतो.

नातवाने फोडलेली प्रत पुसली आणि अधिकृत खेळ शून्य पैशांपासून सुरू केला. लाल बस पुन्हा जोडली, तिच्यावर 'जव्हार–मोखाडा' अशी पाटी स्वतः काढली. आजोबांनी ती नीट पाहिली आणि विचारले, "त्र्यंबकला पुढे जात नाही का ही?"