नंबराचा सौदा

अमेरिकन फुटबॉल हा खेळ पायांपेक्षा हातांनीच जास्त खेळतात. असल्या खेळातले मला ओ की ठो कळत नाही. पण त्यातला हिशेब कळतो. बी. कॉम. झालेल्या बँकेच्या कारकुनाला दुसरे काय कळणार?

तिथे व्यावसायिक संघ ३२. दरवर्षी कॉलेजातली ताज्या दमाची पोरे निवडायला हे संघ रांग लावतात. गेल्या मोसमात जो सर्वांत जास्त हरला, त्याचा नंबर पहिला! अशा सात फेऱ्या होतात. या प्रकाराला ते 'ड्राफ्ट' म्हणतात. आमचा डिमांड ड्राफ्ट ज्याच्या नावाचा, त्याच्याच खात्यात जमा होतो. यांच्या ड्राफ्टमधला नंबर मात्र दुसऱ्या संघाला देऊन टाकता येतो. अगदी पुढच्या वर्षीचासुद्धा.

मग सौदा रास्त झाला की कुणी टोपी घातली, हे ठरवायचे कसे? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना डॅलस काउबॉइज संघाने एक दरपत्रकच बनवले. पहिला नंबर ३००० गुण, दुसरा २६००, पाचवा १७००, सोळावा १०००. दोन्हीकडची बेरीज जुळली की सौदा रास्त. आमचा कॅशियर एवढ्यावर डबा उघडून जेवायला बसेल.

पण बेरीज जुळली म्हणजे भाव बरोबर होता, असे थोडेच आहे? रिचर्ड थेलर (यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) आणि केड मॅसी यांनी या सौद्यांचा अभ्यास केला. पहिल्या नंबरांना संघ वाजवीपेक्षा फार जास्त मोजतात, असे त्यांना आढळले. शिवाय आजच्या नंबरासाठी पुढच्या वर्षीचा नंबर देताना जे व्याज बसते, ते वर्षाला शंभर टक्क्यांच्याही वर जाते. एवढा दर सांगताना आमच्याकडचा सावकारदेखील आधी दार लावून घेईल!

शहाणी माणसे असे कर्ज का काढतात? १९९९ चा दाखला पाहा. न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक होते माइक डिटका. रिकी विल्यम्स नावाच्या एका खेळाडूसाठी त्यांनी पाचवा नंबर मिळवला. त्याबदली त्या वर्षीचे आपले सगळे नंबर वॉशिंग्टनला दिले, आणि वर पुढच्या वर्षीच्या पहिल्या व तिसऱ्या फेरीचेही. मोसमात संघ १६ पैकी १३ सामने हरला. त्यामुळे वॉशिंग्टनला दिलेला पुढच्या वर्षीचा नंबर निघाला दुसरा. दरपत्रकात पाचव्याचे गुण १७००, दुसऱ्याचे २६००. म्हणजे एक हप्ताच मुद्दलाहून मोठा! आणि तो फेडायच्या वेळी डिटकासाहेब खुर्चीत नव्हतेच. त्यांना जानेवारी २००० मध्येच नारळ मिळाला होता.

खरी मेख इथे आहे. कर्जावर सही एकाची, फेड दुसऱ्याची. सही करणाऱ्याला पुढच्या वर्षीची शाश्वती नसते. मग व्याजाचा दर काही का असेना, त्याचे काय जाते? फेडायला त्याच्या जागी येणारा बिचारा आहे, आणि तिकीट काढून हरणारा संघ पाहणारे प्रेक्षक आहेत.

म्हणून सौदा रास्त आहे का, असे मला कुणी विचारले तर दरपत्रक मी नंतर उघडीन. आधी विचारीन, सही करणाऱ्या साहेबांची बदली कधी आहे?