जनगणनाबाई, आमच्याकडे भादव्यात या

प्रति,
आदरणीय जनगणनाबाई यांस,

डहाणू तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाचा सादर नमस्कार. विनंती विशेष.

तुम्ही फेब्रुवारी 2027 मध्ये येणार असल्याचं कळलं आणि बरं वाटलं. 1881 पासून दर दहा वर्षांनी न चुकता येत होतात. महायुद्ध पेटलेलं असतानाही 1941 साली आलात. 2021 ची फेरी मात्र हुकली, आणि आमच्याकडे ती फार जाणवली. रेशनचा कोटा अजून तुमच्या 2011 च्या आकड्यांवरच ठरतो. तेव्हा जन्मलेली पोरं आता दहावीला आली.

तुमचे उपकार मी विसरलेलो नाही. 2011 मध्ये तुम्ही डहाणू तालुक्यात 4,02,095 आणि तलासरीत 1,54,818 माणसं मोजलीत. पालघर जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही ठाण्यात होतो. तलासरीत दहातले नऊजण आदिवासी आहेत, हे कुठल्याही साहेबासमोर ठामपणे सांगता येतं ते तुमच्यामुळेच. तुमचा प्रगणक म्हणून 1991 पासून मी पाडे हिंडलो, त्यामुळे तुमच्याशी भांडायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

भांडण तारखेचं आहे. तुमचा दिवस ठरलेला, 1 मार्च. त्याआधीचे तीन आठवडे दारोदार फिरायचं. देशात इतरत्र हे सोयीचं असेल. पाऊस नसतो, रस्ते कोरडे असतात, माणसं घरी असतात. आमच्याकडे माणसंच नसतात. भात झोडून झालं, दिवाळी झाली, की पाड्यावर टेम्पो येतात. भांडी, गोधड्या, तांदळाची गोणी, कडेवरचं पोर, सगळं त्यात चढतं आणि वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांकडे निघतं. फेब्रुवारीत मी जायचो तेव्हा कारवीच्या कुडाच्या घरांना कुलूपही नसायचं. कडीला तारेचा वेढा, अंगणात चूल मोडलेली, कोंबड्या शेजारच्या म्हातारीकडे सोपवलेल्या. म्हातारी आपल्या घराचं सांगायची, मग हात करून बाकीची घरं दाखवायची आणि कोण कुठल्या भट्टीवर आहे ते नावानिशी सांगायची. मला सगळं कळायचं, पण लिहिता यायचं नाही. सबंध मुदतभर जो बाहेर आहे त्याला जिथे असेल तिथेच मोजायचं, हा तुमचा नियम. आणि 2011 ची होळी होती 19 मार्चला! तुम्ही कागद बांधून गेलात आणि पंधरवड्यात टेम्पो भरभरून माणसं सणाला घरी आली. 2027 ची होळीही मार्चच्या 20 तारखेनंतरच आहे.

भट्टीवर तुमचा दुसरा प्रगणक त्यांना गाठत असेल, हे मान्य. पण तिथे काय लिहिलं जातं? या गावी किती वर्षं राहता, या प्रश्नाला वर्षाच्या आत आलेल्या माणसाचं उत्तर शून्य. जो माणूस बापाच्या मागे लहानपणी भट्टीवर गेला आणि आता स्वतःची पोरं घेऊन जातो, त्याचं जाणं-येणं शून्य वर्षांचं ठरतं. त्याच्या बायकोपुढे कारण लागतं कुटुंबासोबत आल्याचं. बाई, ती कुणाच्या सोबतीला आलेली नसते. पहाटे उठून चिखल तुडवते, साचा भरते, विटा थापते. हजारामागे जो हिशेब होतो त्यात तिचे हात निम्मे असतात. उचल मात्र नवऱ्याच्या नावावर, आणि तुमच्याकडेही कामासाठी आल्याचं कारण त्याच्याच नावापुढे.

येणाऱ्यांचं तुम्ही नीट टिपता. इराणातून आलेल्या कुटुंबांनी घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात चिकूच्या वाड्या उभ्या केल्या, पिढ्यान्‌पिढ्या राहिली, 2016 साली घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं. येऊन स्थिरावलेला माणूस तुमच्या कागदात बसतो. दर वर्षी जाऊन परत येणारा बसत नाही, आणि आमच्याकडे तोच जास्त. तीच गत बोलीची. वारली बोली तुमच्या तक्त्यात भिली-भिलोडी भाषेच्या पोटात जाते. आमच्या पाड्यांवर ती मराठीच्या इतकी जवळ आहे की पहिलीतलं पोर आठवडाभरात माझं आणि मी त्याचं बोलणं उचलायचो. याचाही फेरविचार व्हावा.

एक जुनी गोष्ट आठवते का, बघा. तुमच्या 1941 च्या फेरीत इथली माणसं जागच्या जागी सापडली असतील. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको लग्नगडी म्हणून त्याच्या शेतावर राबायची, पाऊल बाहेर टाकायची सोय नव्हती. मे 1945 मध्ये तलासरीतल्या झरीला वारली जमले, गोदावरी परुळेकर त्यांच्यात होत्या, आणि वेठ-लग्नगडीविरुद्धचा लढा उभा राहिला. ती बेडी तुटली. आज गणपतीच्या सुमाराला घेतलेली उचल फेडायला तीच माणसं गाव सोडतात. तेव्हा कर्ज माणसाला जागेला बांधून ठेवायचं, आता तेच त्याला जागेवरून उठवतं. हे तुमच्या कागदात यायला नको का?

म्हणून विनंती. काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडातल्या बर्फाच्या भागात तुम्ही पाच महिने आधी जाता. त्यांची तारीख 1 ऑक्टोबर. बर्फामुळे वाट बंद होते हे तुम्हाला कळलं, तसंच भट्टीमुळे घर बंद होतं हेही समजून घ्या. आमच्याकडे भादव्यात या. भात पोटरीला आलेलं असतं, गौरी-गणपती असतात, पाड्यावर माणूस भेटतो. तारीख बदलणं नियमात बसत नसेल, तर निदान एक प्रश्न वाढवा: वर्षातले किती महिने घरी असता, आणि उरलेले कुठे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्या शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. माणूस हलतो त्या बेताने मोजणी हलवणं तुम्हालाही जमेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
एक जुना प्रगणक

ता. क. भादव्यातही आमच्याकडचे खलाशी भेटणार नाहीत. ते ऑगस्टमध्येच ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर चढतात. त्यांतले काही समुद्रात पकडले जाऊन कराचीच्या तुरुंगात पडतात. डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा 2024 साली तिथेच मृत्यू झाला. अशा माणसाच्या घरी गेलात की बायको त्याचं नाव पहिलं सांगेल. ते लिहून घ्यायची मुभा प्रगणकाला द्या.